विद्यार्थ्याचे लेखन आणि इंग्रजी व्याकरणाचे अध्यापन : एक चिकित्सा

१

इंग्रजी व्याकरण माध्यमिक शाळेत कसे शिकवावे, या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर असे की, व्याकरणासाठी स्वतंत्र तास असावा, स्वतंत्र पुस्तक असावे, आणि शब्दांच्या जातींपासून वाक्यपृथक्करणापर्यंतचा अभ्यास ठरलेल्या क्रमाने व्हावा. दुसरे उत्तर असे की, विद्यार्थी जे लिहितो त्यातूनच त्याला व्याकरण शिकवावे. त्याच्या निबंधात, पत्रात अगर वर्णनात जेथे अडचण उत्पन्न होईल तेथे त्या अडचणीपुरता नियम सांगावा आणि तो त्याच लेखनात लगेच वापरून घ्यावा. गेल्या साठ-सत्तर वर्षांत शिक्षणशास्त्रीय विचाराचा कल दुसऱ्या उत्तराकडे झुकलेला आहे आणि अध्यापनपद्धतीच्या अनेक ग्रंथांत ते जवळजवळ सिद्धान्ताच्या रूपात मांडले जाते. परंतु मान्यता पावलेल्या मताचे असे होते की, त्याचा उच्चार सुलभ होतो आणि त्याच्या अटी मात्र विस्मरणात जातात. 'लेखनातून व्याकरण' या मताच्या अटी कोणत्या, आणि त्या पाळल्या न गेल्यास त्या मताचे काय होते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम जुन्या पद्धतीविषयी. लिंडले मरे यांचे इंग्रजी व्याकरण १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १७९७ मध्ये त्यांनी त्याला जोडून स्वाध्यायांचे पुस्तक काढले. मुद्दाम अशुद्ध लिहिलेली वाक्ये विद्यार्थ्यापुढे ठेवावयाची आणि त्याने ती नियमाचा आधार देऊन शुद्ध करावयाची, ही त्या स्वाध्यायांतील एक प्रमुख रीत होती. हिंदुस्थानात पुढे नेसफील्ड यांची व्याकरणमाला आणि त्यानंतर रेन व मार्टिन यांचे पुस्तक शाळाशाळांतून रूढ झाले. व्याख्या, उदाहरण, स्वाध्याय हीच त्यांचीही मांडणी होती. महाराष्ट्रात त्याला तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची जोड मिळाली. शब्दाची जात, लिंग, वचन, विभक्ती सांगून व्याकरण चालविणे आणि वाक्यांचे तर्जुमे करणे यांवर इंग्रजी शिकलेल्या कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या.

या पद्धतीला गुण नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यात क्रम होता. शिक्षकाला पुढच्या तासाला काय शिकवावयाचे ते आधी ठाऊक असे. वर्गात कितीही विद्यार्थी असले तरी ती चालू शके. तिचा दोष तिच्या गृहीत धरलेल्या एका गोष्टीत होता. नियमाचे नाव ठाऊक झाले की नियमाचा उपयोग आपोआप साधतो, असे तिने मानले. शिवाय पुस्तकातील अशुद्ध वाक्य हे दुसऱ्या कोणाचे तरी, बहुधा ग्रंथकर्त्याने कल्पनेने रचलेले वाक्य असे. विद्यार्थी स्वतः ज्या चुका कधी करीत नाही त्या चुका तो तेथे दुरुस्त करी, आणि ज्या तो रोज करतो त्या पुस्तकात नसत.

२

जुन्या पद्धतीच्या विरुद्ध जो पुरावा पुढे गोळा झाला, तो प्रामुख्याने इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांतील आहे. १९४७ मध्ये डब्ल्यू. जे. मॅकॉली यांनी स्कॉटलंडमधील शाळांतील मुलांची परीक्षा घेऊन असे दाखविले की, कित्येक वर्षे नियमाने व्याकरणाचे पाठ घेऊनही बहुसंख्य मुलांना साध्या वाक्यातील नाम, क्रियापद, विशेषण ओळखण्याच्या कसोटीत निम्मेदेखील गुण मिळत नाहीत. १९६२ मध्ये रोलंड हॅरिस यांनी लंडन विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात पाच शाळांतील दोन वर्षांच्या प्रयोगाचा वृत्तान्त दिला. प्रत्येक शाळेत एका वर्गाला औपचारिक व्याकरण शिकविण्यात आले, तर दुसऱ्या वर्गाने तोच वेळ लेखनात घालविला. दोन वर्षांनंतर अनेक मोजमापांत लेखन करणाऱ्या वर्गाची प्रगती अधिक ठरली. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड ब्रॅडॉक व त्यांचे सहकारी यांनी लेखनविषयक संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. औपचारिक व्याकरणाच्या अध्यापनाने लेखन सुधारत नाही, आणि त्यापायी लेखनाचा वेळ खर्ची पडत असल्यामुळे ते प्रसंगी अपायकारकही ठरते, असा निःसंदिग्ध निर्णय त्यांनी दिला. हॅरिस यांच्या प्रयोगाचा आधार त्या निर्णयाला मोठ्या प्रमाणावर होता. १९७६ मध्ये न्यूझीलंडमधील वॉरविक एली व सहकारी यांनी सुमारे अडीचशे विद्यार्थ्यांच्या तीन वर्षांच्या निरीक्षणावरून असे मांडले की, व्याकरण जुन्या पठडीचे असो वा नव्या रूपांतरणवादी पद्धतीचे असो, लेखनावर त्याचा म्हणण्याजोगा परिणाम दिसत नाही. अखेर १९८५ मध्ये अमेरिकेतील इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने लेखनापासून तुटलेल्या व्याकरणाच्या सरावाविरुद्ध ठरावच केला.

या सर्व पुराव्यावरून व्याकरण निरुपयोगी आहे असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो मात्र पुराव्याच्या पलीकडे जाणारा आहे. येथे हॅरिस यांच्या प्रयोगाचे स्वरूप बारकाईने पाहिले पाहिजे. डेव्हिड टॉमलिन्सन यांनी १९९४ मध्ये या संशोधनाची जी झडती घेतली, तीत एक मर्माचा मुद्दा आहे. ज्या वर्गाला व्याकरण शिकविले गेले नाही असे म्हटले जाते, त्या वर्गाला वाक्यरचना मुळीच शिकविली गेली नव्हती असे नाही. त्या वर्गातील शिक्षक मुलांच्या लेखनातील वाक्यदोष घेऊन त्यांविषयी बोलत होते. पारिभाषिक संज्ञांचा आणि पाठ्यपुस्तकाचा आश्रय तेवढा ते घेत नव्हते. म्हणजे तुलना झाली ती व्याकरण आणि व्याकरणाचा अभाव यांच्यात नव्हे. एकीकडे व्याकरण चालविणे होते आणि दुसरीकडे लेखनाच्या अनुषंगाने आलेला वाक्यविचार होता. प्रयोगाने पहिल्यापेक्षा दुसरा श्रेष्ठ ठरविला, इतकेच म्हणता येते. वाक्यविचारच नको, असे त्यावरून म्हणता येत नाही. परंतु पुढील काळात पहिले विधान मागे पडले आणि दुसरे पसरले. परिणामी कित्येक ठिकाणी शिक्षकांच्या प्रशिक्षणातूनही व्याकरण वगळले गेले, आणि ज्या शिक्षकाने लेखनातून व्याकरण शिकवावयाचे त्यालाच ते अवगत नसण्याची पाळी आली.

३

विद्यार्थ्याच्या लेखनात व्याकरणाच्या दृष्टीने पाहण्यासारखे काय असते? याचे सर्वांत सुलभ उत्तर 'चुका' असे आहे आणि तेच घातक ठरले आहे. वहीवर लाल शाईने खुणा करणे म्हणजे लेखनातून व्याकरण शिकविणे, अशी समजूत त्यातून रूढ झाली.

या बाबतीत दोन लेखकांचे ऋण मान्य केले पाहिजे. पिट कॉर्डर यांनी १९६७ मधील आपल्या निबंधात परभाषा शिकणाऱ्याच्या चुकांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. अनवधानाने झालेली चूक निराळी आणि शिकणाऱ्याच्या मनात त्या क्षणी जो नियम वास करतो त्याच्यामुळे घडणारी चूक निराळी, असा भेद त्यांनी केला. दुसऱ्या प्रकारची चूक ही शिकणारा कोठवर आला आहे याची साक्ष असते. मिना शॉनेसी यांनी १९७७ मधील आपल्या ग्रंथात हीच दृष्टी लेखनाच्या अध्यापनात आणली. न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने १९७० मध्ये प्रवेशाची दारे मोकळी केल्यावर जे विद्यार्थी तेथे आले, त्यांचे सुमारे चार हजार निबंध त्यांनी अभ्यासिले. वरवर पाहता केवळ अनागोंदी वाटणाऱ्या त्या लेखनात सुसंगत तर्क आहे, आणि शिक्षकाने आधी तो तर्क वाचावयास शिकले पाहिजे, हा त्यांचा सिद्धान्त होता. ते विद्यार्थी महाविद्यालयातील होते हे खरे. परंतु त्यांचे दोष शाळेतच पक्के झालेले असल्यामुळे तो सिद्धान्त माध्यमिक वर्गाला तितकाच लागू आहे.

एक साधे उदाहरण घेता येईल. इंग्रज मुलगा लिहितो, 'द डॉग बार्क्ड, वुई रॅन.' दोन स्वतंत्र वाक्ये त्याने केवळ स्वल्पविरामाने जोडली आहेत. लाल शाई स्वल्पविराम खोडते आणि तेथे पूर्णविराम देते. वाक्य शुद्ध झाले. पण मुलाला जे म्हणावयाचे होते ते नष्ट झाले. कुत्र्याचे भुंकणे आणि मुलांचे पळणे यांत कार्यकारणसंबंध आहे हे त्याला जाणवले होते आणि म्हणूनच त्याने पूर्णविराम दिला नव्हता. संबंध त्याच्या मनात होता, पण तो व्यक्त करण्याचे साधन हाताशी नव्हते. अशा वेळी 'व्हेन', 'सो', 'बिकॉज' ही अव्यये, अर्धविराम, किंवा एक वाक्य दुसऱ्याचे गौण वाक्य करणे, ही साधने त्याच्यापुढे ठेवून त्यांपैकी कोणत्या साधनाने त्याचा आशय नेमका उमटतो हे त्यालाच ठरवावयास लावणे, हे अध्यापन होय. प्रधान आणि गौण वाक्यांचा पाठ या ठिकाणी त्याच्या गरजेतून उत्पन्न होतो. त्याच पाठाचे पुस्तकातील प्रकरण मात्र ही गरज गृहीत धरते आणि ती उत्पन्न करीत नाही.

केवळ दुरुस्तीने काही साधते की नाही याविषयी बराच वाद झालेला आहे. परभाषेतील लेखनाच्या वर्गात व्याकरणाच्या चुकांची दुरुस्ती निष्फळ असून ती सोडून द्यावी, असे टोकाचे मत जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये मांडले. डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला उत्तर देताना हा निर्णय घाईचा असल्याचे प्रतिपादन केले. पुढे जॉन बिचनर यांनी ऑकलंडमधील ७५ परदेशी विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजी उपपदांच्या केवळ दोन उपयोगांपुरती दुरुस्ती करण्यात आली होती. ज्यांना अशी दुरुस्ती मिळाली त्यांचा वापर अधिक अचूक झाला आणि दोन महिन्यांनंतरही तो टिकून राहिला. या वादातून एवढे तरी निष्पन्न होते की, पानावरील प्रत्येक चुकीवर खूण करणाऱ्या सर्वव्यापी दुरुस्तीच्या बाजूने फारसे बोलता येत नाही, आणि एका वेळी एक-दोन बाबींवर केंद्रित झालेल्या दुरुस्तीच्या बाजूने बोलता येते.

४

चुकीचा विचार हा या विषयाचा अर्धाच भाग आहे. लेखनात व्याकरणाचे दुसरे कार्य निवडीचे असते. एकच आशय व्यक्त करणाऱ्या तीन शुद्ध वाक्यांपैकी एक वाक्य त्या ठिकाणी अधिक योग्य असते, आणि ते का योग्य आहे हे व्याकरणाच्या भाषेत सांगता येते.

कर्मणी प्रयोगाचे अध्यापन या दृष्टीने उद्‌बोधक आहे. रामाने रावणाला मारले, रावण रामाकडून मारला गेला, अशा उलटापालटीत शाळेतील कित्येक तास जातात, आणि विद्यार्थ्याची अशी समजूत होते की, दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच असून परीक्षक सांगेल तेव्हा एकाचे दुसरे करावयाचे असते. उलट, वर्गातील खिडकीची काच फुटल्याची हकीकत लिहावयास सांगितली, तर काच कोणी फोडली हे ज्याला ठाऊक नाही तो कर्मणी प्रयोग करील, आणि ज्याने स्वतःच ती फोडली तोही कर्मणी प्रयोगच करील. कर्ता अज्ञात असणे, तो महत्त्वाचा नसणे, त्याला झाकून ठेवावयाचे असणे, हे कर्मणी प्रयोगाचे उपयोग अशा एका हकीकतीतून स्पष्ट होतात. मग वर्तमानपत्रातील किंवा सरकारी पत्रकातील तोच प्रयोग विद्यार्थी निराळ्या डोळ्यांनी वाचू लागतो.

वाक्यसंयोजनाच्या सरावाचे महत्त्वही या निवडीत आहे. फ्रँक ओ'हेअर यांनी १९७३ मध्ये दाखविले की, पारिभाषिक संज्ञा न शिकविताही लहान लहान वाक्ये एकत्र करण्याचा सराव सातवीच्या विद्यार्थ्यांकडून करून घेतला, तर त्यांच्या स्वतंत्र लेखनातील वाक्यरचना प्रगल्भ होते. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठातील डेब्रा मायहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१ शाळांतील ७४४ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कथा, युक्तिवाद आणि काव्य यांचे लेखन शिकविताना व्याकरणाचे मुद्दे त्या लेखनाच्या हेतूशी जोडून दिले गेले. ज्यांना असे शिकविले गेले त्यांचे लेखन तुलनेच्या गटापेक्षा अधिक सुधारले.

तथापि या प्रयोगाचे दोन उपनिष्कर्ष त्याच्या मुख्य निष्कर्षाइतकेच महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, लाभ प्रामुख्याने आधीच चांगले लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना झाला. दुसरा असा की, शिक्षकाचे स्वतःचे व्याकरणज्ञान किती आहे यावर लाभाचे प्रमाण अवलंबून राहिले. पुढे याच पद्धतीची प्राथमिक शाळेच्या अखेरच्या वर्षात मोठ्या प्रमाणावर चाचणी घेण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात मात्र अधिक प्रगती आढळली नाही. म्हणजे 'लेखनातून व्याकरण' हा स्वयंसिद्ध उपाय नव्हे. तयार पाठ हाती दिले म्हणून तो फलदायी होतोच असे नाही. पुस्तकावरून शिकविणाऱ्याला पुस्तकातील त्या पानापुरते व्याकरण पुरत असे. वहीवरून शिकविणाऱ्याला कोणत्या क्षणी कोणता नियम लागेल हे आधी कळत नाही. म्हणून त्याला सगळेच व्याकरण यावे लागते. नवी पद्धत व्याकरण कमी करते असा जो समज आहे तो विद्यार्थ्यापुरता खरा असेल. शिक्षकापुरता तो उलटा आहे.

५

आतापर्यंतचा बहुतेक विचार इंग्रजी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसंबंधी झाला. मराठी माध्यमाच्या शाळेत तो जसाच्या तसा लागू करता येत नाही. इंग्रज मुलगा शाळेत येतो तेव्हा त्याच्या भाषेचे व्याकरण त्याच्या जिभेवर असते. त्याला बोलण्यातील वाक्य कागदावरच्या वाक्यात आणावयाचे असते. मराठी मुलापाशी इंग्रजीचा असा साठा नसतो. महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविले जाते; तरीही अनेक मुलांना वर्गाबाहेर इंग्रजी वाक्य बोलण्याचा प्रसंग क्वचितच येतो. म्हणून तिकडे व्याकरण अनावश्यक ठरले तर ते इकडेही अनावश्यक आहे, हे अनुमान टिकत नाही.

परंतु याच कारणाने मराठी विद्यार्थ्याच्या लेखनाचे मोल वाढते. त्याच्या इंग्रजी वाक्यात त्याचे मराठी व्याकरण दिसते, आणि ज्या शिक्षकाला दोन्ही भाषा येतात त्याला ते वाचता येते. 'आय हॅड गॉन टू पुणे यस्टर्डे' हे वाक्य वहीत वारंवार भेटते. 'काळ चुकला' असा शेरा त्यावर पडतो. वस्तुतः विद्यार्थ्याने काळाचा विचार केलेला आहे. 'काल मी पुण्याला गेलो होतो' या मराठी वाक्यात 'होतो' हे सहायक क्रियापद दुसऱ्या कोणत्याही घटनेची अपेक्षा करीत नाही. ती गोष्ट होऊन गेली, आता ती स्थिती उरलेली नाही, एवढे ते सुचविते. इंग्रजी पूर्ण भूतकाळाला मात्र भूतकाळातील दुसऱ्या क्षणाचा आधार लागतो. तेव्हा 'कशाच्या आधी गेला होतास?' असा प्रश्न शिक्षकाने विचारावा. उत्तर नसेल तर साधा भूतकाळ पुरे. उत्तर असेल तर ती दुसरी घटना वाक्यात यावी. 'मी स्थानकावर पोहोचलो तेव्हा गाडी सुटलेली होती,' असा प्रसंग विद्यार्थ्याच्याच हकीकतीतून काढता येतो आणि दोन भाषांतील भेद त्याला एका प्रश्नात उमगतो.

याहून सूक्ष्म उदाहरण अप्रत्यक्ष कथनाचे आहे. विद्यार्थी लिहितो, 'माय ब्रदर टोल्ड मी दॅट आय विल गेट द प्राइझ.' मराठीत 'की'नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात : 'भाऊ मला म्हणाला, की मला बक्षीस मिळेल.' हे बक्षीस भावाला मिळावयाचे आहे. इंग्रजी वाक्य वाचणाऱ्याला मात्र ते लिहिणाऱ्याला मिळणार असे वाटेल. काळाचा बारकावा सोडला तर या इंग्रजी वाक्यात अशुद्ध असे काही नाही. लाल शाई त्याच्यावरून निमूट पुढे जाईल. चूक आहे ती अर्थात, आणि बक्षीस कोणाला, हे लेखकाला विचारल्याखेरीज ती सापडावयाची नाही. पुस्तकातील प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष कथनाच्या शंभर रूपांतरांनी जे कळत नाही, ते या एका प्रश्नाने कळते. कारण सर्वनाम बदलल्याने माणूस बदलतो, हे येथे विद्यार्थ्याच्या अनुभवाला येते.

उपपदांची गोष्टही अशीच आहे. 'ए' आणि 'द' यांच्या योग्य वापरासाठी सुटी वाक्ये देऊन रिकाम्या जागा भरावयास सांगण्याची चाल आहे. पण एखादी वस्तू वाचकाला आधी परिचित झाली आहे की नाही, यावर उपपदाची निवड पुष्कळदा अवलंबून असते, आणि ते सुट्या वाक्यात कळण्याचा मार्गच नसतो. रस्त्यात एक कुत्रा दिसला, तो कुत्रा लंगडत होता, अशी सलग हकीकत विद्यार्थी लिहितो तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या उल्लेखातील फरक प्रत्यक्ष दिसतो. हा विषय सलग लेखनावाचून नीट शिकविताच येत नाही असे म्हटले तरी चालेल. त्याचप्रमाणे 'घरी जाऊन, हातपाय धुऊन, जेवून झोपलो' ही मराठीतील ऊन-प्रत्ययाची सोयीची साखळी इंग्रजीत 'अँड' आणि 'देन' यांची कंटाळवाणी रांग होऊन उतरते. 'जो मुलगा काल आला तो' या रचनेतील 'तो' इंग्रजीत अधिकचा 'ही' होऊन बसतो. या प्रत्येक ठिकाणी विद्यार्थी नियमानेच लिहीत असतो. तो नियम त्याच्या मातृभाषेचा असतो, एवढेच. हे त्याला सांगितले म्हणजे 'मला इंग्रजी येत नाही' ही त्याची हताश भावना कमी होते आणि तिच्या जागी दोन भाषांतील अमुक एक फरक शिकावयाचा आहे, अशी मर्यादित व साध्य गोष्ट त्याच्यापुढे उभी राहते.

६

आता अटींकडे वळले पाहिजे. पहिली अट उघड असल्यामुळे ती सर्वाधिक दुर्लक्षित आहे. विद्यार्थ्याच्या लेखनातून व्याकरण शिकवावयाचे तर लेखन विद्यार्थ्याचे असले पाहिजे. अनेक वर्गांत निबंध फळ्यावरून उतरविला जातो, किंवा मार्गदर्शक पुस्तकातून पाठ करून परीक्षेत लिहिला जातो. अशा निबंधात चुका थोड्या असतात. पण त्यात विद्यार्थ्याचे व्याकरणही नसते आणि म्हणून शिकविण्यासारखे काही नसते. याला विद्यार्थी जबाबदार नाही. प्रत्येक चुकीचा एक गुण वजा होतो आणि प्रत्येक ओळीवर लाल खूण येते हे पाहिल्यावर त्याने काढलेला निष्कर्ष बिनतोड असतो : चूक टाळण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे स्वतःचे काही न लिहिणे. जोपर्यंत पाठ केलेल्या निर्दोष पानाला स्वतः लिहिलेल्या सदोष पानापेक्षा अधिक गुण मिळतात, तोपर्यंत ही पद्धत ग्रंथांतच राहील.

दुसरी अट वेळेची आहे. वर्गात साठ विद्यार्थी असून प्रत्येकाच्या एका पानाला पाच मिनिटे दिली तर तीनशे मिनिटे, म्हणजे पाच तास लागतात. असे दोन वर्ग असलेल्या शिक्षकाचे एका निबंधामागे दहा तास जातात. हा आक्षेप खरा आहे. परंतु तो सर्वव्यापी दुरुस्तीवरचा आक्षेप आहे आणि तिचा त्याग वर सुचविलेलाच आहे. शिक्षकाने सर्व वह्या केवळ वाचाव्यात, त्यांत वारंवार आढळणारी एकच बाब निवडावी, तिची चार-पाच वाक्ये लेखकाचे नाव न सांगता फळ्यावर मांडावीत, लेखकाला काय म्हणावयाचे असेल याची चर्चा वर्गाकडून करवून घ्यावी, आणि त्यानंतर प्रत्येकाने आपल्या वहीतील तेवढीच बाब पुन्हा लिहावी. पुनर्लेखन हा या रीतीचा आवश्यक भाग आहे. त्यावाचून चर्चा ऐकलेली राहते, वापरलेली होत नाही.

तिसरा आक्षेप क्रमाचा आहे. लेखनात जे येईल तेच शिकवावयाचे तर व्याकरणाचा कितीतरी भाग सुटून जाईल, आणि विद्यार्थी त्याला न येणारी रचना टाळून लिहील, अशी शंका घेतली जाते. शंका रास्त आहे. तिचे उत्तर लेखनाचे विषय विचारपूर्वक निवडण्यात आहे. ऐकलेले संभाषण सांगावयास लावले की अप्रत्यक्ष कथन टाळता येत नाही. 'तसे झाले नसते तर' असा विषय दिला की संकेतार्थी वाक्यांवाचून सुटका नाही. कोणत्या बाबी येऊन गेल्या याची नोंद शिक्षकाने ठेवली, तर राहिलेल्या बाबी सत्राच्या अखेरीस व्याकरणाच्या पुस्तकावरून घेता येतील. पुस्तक फेकून देण्याचे कारण नाही. शब्दकोशाप्रमाणे ते प्रसंगी उघडण्याचे साधन व्हावे, इतकेच.

चौथी अट शिक्षकाच्या तयारीची असून वरील सर्व विवेचन तिच्याकडेच येते. दादोबा पांडुरंग यांनी १८३६ मध्ये मराठी व्याकरण प्रसिद्ध केले आणि मो. के. दामले यांचे शास्त्रीय व्याकरण १९११ मध्ये निघाले. त्या परंपरेचा इंग्रजीच्या शिक्षकाशी काही संबंध आहे, असे आपल्याकडे सहसा मानले जात नाही. इंग्रजीच्या शिक्षकाने इंग्रजी जाणावे आणि मराठीच्या शिक्षकाने मराठी, अशी वाटणी झालेली आहे. परंतु मराठी विद्यार्थ्याच्या इंग्रजी वहीत दोन्ही व्याकरणे एकाच ओळीत नांदत असतात, आणि एकच व्याकरण जाणणाऱ्याला ती ओळ अर्धीच वाचता येते. 'की', 'ऊन' आणि 'होतो' यांचे मराठीतील कार्य ज्याला ठाऊक नाही, त्याला वरील वाक्यांत केवळ निष्काळजीपणा दिसेल आणि तो तसा शेरा देईल. शिक्षकांच्या प्रशिक्षणक्रमात दोन भाषांच्या तुलनात्मक व्याकरणाला, आणि विद्यार्थ्यांच्या खऱ्या वह्या वाचण्याच्या सरावाला, पद्धतींच्या नामावळीपेक्षा अधिक जागा मिळणे यासाठीच अगत्याचे आहे. पदव्युत्तर संशोधनालाही येथे मोठे क्षेत्र मोकळे आहे. मराठी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनातील कोणती रचना कोणत्या इयत्तेत आढळते, कोणती आपोआप मावळते आणि कोणती शिकविल्याखेरीज जात नाही, याचा पद्धतशीर संग्रह झाला, तर शिक्षकाला परदेशातील प्रयोगांवरून अनुमाने करीत बसावे लागणार नाही.

तात्पर्य, विद्यार्थ्याचे लेखन हे व्याकरण शिकविण्याचे योग्य स्थान आहे या मताला पुराव्याचा आधार आहे. परंतु तो आधार सशर्त आहे. लेखन विद्यार्थ्याचे स्वतःचे असेल, शिक्षक एका वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष वेधील, आणि चुकीमागचा नियम ओळखण्याइतके व्याकरण त्याला दोन्ही भाषांत अवगत असेल, तर ही पद्धत जुन्या पद्धतीहून निश्चित श्रेष्ठ आहे. या अटी सुटल्या तर तिच्यात लाल शाईखेरीज काही उरत नाही, आणि मग निदान क्रमाने शिकविणारे जुने पुस्तक तिच्यापेक्षा बरे म्हणण्याची वेळ येईल.